जहाजाचा हजेरीपट आणि रुपेरी पडदा

अमेरिकेच्या नौदलाने १७ जुलै २०२४ रोजी ऐंशी वर्षांपूर्वीच्या काही शिक्षा रद्द केल्या. त्यांची हकिगत थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो या दारूगोळ्याच्या धक्क्यावर १९४४ साली याच तारखेस प्रचंड स्फोट होऊन ३२० माणसे ठार झाली. त्यांत २०२ कृष्णवर्णीय खलाशी होते. कारण बोटींत बॉम्ब भरण्याचे काम त्यांचे आणि हुकूम सोडण्याचे काम गोऱ्या अधिकाऱ्यांचे, अशी तेथील वाटणी होती. स्फोटातून बचावलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना रजा मिळाली. कृष्णवर्णीयांना ती नाकारण्यात आली आणि महिना उलटण्यापूर्वीच तेच काम त्यांच्या पुढ्यात पुन्हा टाकण्यात आले. ज्यांनी नकार दिला त्यांपैकी ५० जणांवर बंडाचा गुन्हा शाबीत करून त्यांना आठ ते पंधरा वर्षांच्या शिक्षा ठोठावण्यात आल्या. इतर दोनशेहून अधिक जणांना कमी शिक्षांवर सोडण्यात आले. त्या खटल्यांत न्याय झाला नव्हता, एवढे कबूल करावयास नौदलाला ऐंशी वर्षे लागली. शिक्षा झालेल्यांपैकी बहुतेक तोवर हयात नव्हते.

पुढे नऊच महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच नौदलाच्या ॲनापोलिस येथील अकादमीच्या ग्रंथालयातील कपाटांतून ३८१ पुस्तके उतरविण्यात आली. वंशभेद, स्त्रीपुरुषभेद आणि 'विविधता' या शब्दाच्या छायेत जे जे येते, ते नव्या सरकारच्या धोरणात बसत नव्हते. गवगवा झाल्यावर त्यांतील बहुतेक पुस्तके परत जागेवर गेली, हे खरे. परंतु नौदलाच्या इतिहासात कोणाची नावे ठेवावयाची आणि कोणाची गाळावयाची, हा वाद अमेरिकेत अद्याप मिटलेला नाही, एवढे या दोन घटनांवरून स्पष्ट व्हावे.

या वादाचा खरा आखाडा मात्र ग्रंथालय नाही. अकादमीतील पुस्तके वाचणारे थोडे. समुद्रावरचे युद्ध म्हणजे काय, हे जगातील कोट्यवधी माणसांनी चित्रपटगृहाच्या अंधारात बसून जाणले आहे. पर्ल हार्बर, अटलांटिकमधील जहाजांचे तांडे, बिस्मार्कचा पाठलाग या घटना आपल्याही मनात ज्या आकाराने वसल्या आहेत तो आकार पडद्याने दिलेला आहे. म्हणून या चित्रपटांत कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हा प्रश्न केवळ नटांच्या निवडीचा राहत नाही.

जमिनीवरील युद्धाच्या चित्रपटाहून नौदलाचा चित्रपट एका बाबतीत वेगळा आहे. रणांगणाला हद्द नसते, जहाजाला असते. त्या लोखंडी हद्दीत वर कप्तान, मधे अधिकारी, खाली तोफांवरचे खलाशी आणि तळाशी इंजिनाच्या उष्णतेत राबणारे, अशी समाजाची उतरंड जशीच्या तशी रचलेली असते. दिग्दर्शकांना हे फार लवकर उमगले. नोएल कॉवर्ड व डेव्हिड लीन यांनी १९४२ साली 'इन विच वुई सर्व्ह' काढला तेव्हा कप्तान, एक पेटी ऑफिसर व एक साधा खलाशी अशा तिघांच्या घरांत कॅमेरा नेला आणि बुडालेल्या एका विनाशिकेच्या कथेतून सगळे इंग्लंड उभे केले. त्यापूर्वी १९२५ साली आयझेन्स्टाइनने 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये अळ्या पडलेल्या मांसावरून पेटलेले खलाशांचे बंड दाखवून रशियाची सारी क्रांती एका जहाजात कोंबली होती. एकाचे राजकारण राजनिष्ठेचे, दुसऱ्याचे उठावाचे. पण जहाज म्हणजे राष्ट्र, हे समीकरण दोघांनाही मान्य होते. समीकरण एकदा मान्य केले की पुढचा हिशेब टाळता येत नाही. जहाजावर ज्याला जागा नाही, त्याला राष्ट्रातही नाही.

या विषयावर सध्या पाश्चात्य देशांत दोन पक्ष भांडत आहेत. एक पक्ष म्हणतो की, त्या काळच्या युद्धनौकांवर गोरे पुरुषच होते. आज तेथे निरनिराळ्या वर्णांचे चेहरे दाखविणे म्हणजे वर्तमानाचे राजकारण भूतकाळाच्या गळ्यात बांधणे. दुसरा पक्ष म्हणतो की, पडद्यावर सर्वांना स्थान मिळालेच पाहिजे, मग इतिहासाला थोडी मुरड पडली तरी चालेल. या भांडणात एक साधी वस्तू कोणीच उघडून पाहत नाही. प्रत्येक युद्धनौकेवर हजेरीपट असतो. पगार आणि शिधा त्यावरून वाटायचा असल्यामुळे त्यात कोणाचेही नाव गाळणे परवडत नाही.

ट्रॅफल्गारच्या लढाईतील नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाचा १८०५ सालचा हजेरीपट उपलब्ध आहे. सुमारे आठशे माणसांच्या त्या जहाजावर अमेरिकन होते, डच, इटालियन, माल्टी, स्वीडिश होते, ज्यांच्याशी लढाई चालू होती ते चार फ्रेंचही होते. वेस्ट इंडीजमधले होते आणि हिंदुस्थानातले दोघे होते. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील नेल्सनच्या स्तंभाच्या पायथ्याशी त्याच्या मृत्यूचे जे ब्राँझचे शिल्प आहे त्यात हातात बंदूक धरलेला एक कृष्णवर्णीय खलाशी ठळकपणे कोरलेला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील शिल्पकाराला जे दाखविण्यात संकोच वाटला नाही, ते आजच्या प्रेक्षकाला वर्तमानाचे राजकारण वाटावे, हा काळाचा महिमा म्हणावयाचा. अमेरिकेचीही गोष्ट वेगळी नाही. यादवी युद्धात उत्तरेच्या आरमारात सुमारे १८ हजार कृष्णवर्णीय खलाशी होते आणि ते गोऱ्यांच्या बरोबरीने एकाच डेकवर राबत होते. त्यांना वेगळे काढण्याचे धोरण नंतरचे, विसाव्या शतकातले. इतिहास सरळ रेषेत उजेडाकडे जातो असे मानणाऱ्यांनी या तपशिलाशी थोडे थांबावे.

विसाव्या शतकातील त्या धोरणाचे स्वरूप समजले नाही तर चित्रपटांतील लबाडीही समजणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने कृष्णवर्णीयांची भरती बंदच केली. १९३२ च्या सुमारास ती सुरू झाली तेव्हा त्यांच्यासाठी एकच दार उघडे ठेवण्यात आले, ते भोजनगृहाचे. मेस अटेंडंट म्हणजे अधिकाऱ्यांना वाढणारा, त्यांचे अंथरूण घालणारा, बूट चमकविणारा आणि कपडे धुण्यास नेणारा नोकर. तोफेचे, यंत्राचे, बिनतारी संदेशाचे शिक्षण त्याला बंद होते. १९४२ च्या जूनपासून इतर कामांवर भरती होऊ लागली तीही नावापुरतीच. पोर्ट शिकागोचे हमाल ही तिचीच फळे.

डोरिस मिलर हा असाच एक मेस अटेंडंट. टेक्सासमधील एका कुळाचा मुलगा, 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवरचा मुष्टियुद्धातला पहिलवान. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरमध्ये तो धुण्याचे कपडे गोळा करीत असता जपानी विमाने आली. त्याने जखमी कप्तानाला हलविण्यास हात दिला आणि मग जी विमानविरोधी मशीनगन कशी चालवितात हे त्याला कधी शिकविलेच नव्हते, तिच्यावर उभा राहून त्याने गोळ्या संपेपर्यंत मारा केला. नौदलाच्या पहिल्या बातमीत त्याचे नावसुद्धा नव्हते. एक निनावी निग्रो, एवढाच उल्लेख होता. नाव शोधून काढले ते 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने. मे १९४२ मध्ये ॲडमिरल निमिट्झ यांनी त्याच्या छातीवर नेव्ही क्रॉस लावला. नोव्हेंबर १९४३ मध्ये 'लिस्कम बे' हे विमानवाहू जहाज टॉर्पेडोने बुडाले तेव्हा मिलर मेला. त्या दिवशीही तो स्वयंपाकीच होता. ज्याने देशाला पहिल्या दिवशी वीर पुरविला त्याला तोफेजवळ बदली देण्याचे दोन वर्षांत कोणाला सुचले नाही.

मिलर पडद्यावर आला आहे. १९७० च्या 'तोरा! तोरा! तोरा!'मध्ये तो काही क्षण दिसतो. २००१ सालच्या 'पर्ल हार्बर'मध्ये क्यूबा गुडिंग या नामवंत नटाने ती भूमिका केली. पण तीन तासांच्या त्या चित्रपटाचा जीव दोन गोरे वैमानिक आणि एक परिचारिका यांच्या प्रेमप्रकरणात गुंतलेला. मिलर येतो, गोळ्या झाडतो, पदक घेतो आणि कथा पुन्हा प्रेमिकांकडे वळते. प्रेक्षकाला समाधान मिळते ते असे की, संधी मिळताच गुणाचे चीज झाले. गुणाचे चीज कसे झाले ते वर सांगितलेच आहे. चेहरा दाखवून व्यवस्था झाकण्याचा हा प्रकार मला चेहरा न दाखविण्यापेक्षा अधिक घातक वाटतो. कारण न दाखविलेल्या माणसाविषयी निदान कोणी तरी एखाद्या दिवशी विचारणा करील.

याच्या तुलनेत २०२० सालचा 'ग्रेहाउंड' हा चित्रपट अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात अटलांटिक ओलांडणाऱ्या विनाशिकेच्या कप्तानाला क्लीव्हलँड नावाचा कृष्णवर्णीय वाढपी वेळोवेळी खाणे आणून देतो आणि पाणबुड्यांच्या धास्तीने कप्तानाला घास घेण्याची सवड होत नाही. क्लीव्हलँडच्या तोंडी भाषणे नाहीत. तो लढाईत मरतो आणि इतर मृतांबरोबर त्याला समुद्रार्पण केले जाते. बस्स. परंतु वर कोण उभा आहे, ताट घेऊन शिडी कोण चढतो आणि त्या दोघांत मायेचे काही असले तरी अंतर किती आहे, हे प्रेक्षकाला न सांगता कळते. त्या जहाजाच्या हजेरीपटावर जो होता तो तेथे आहे, आणि ज्या जागी होता त्याच जागी आहे.

हॉलिवुडला हे कळावयास इतकी वर्षे का लागली, याचे सोपे उत्तर वर्णद्वेष हे आहे आणि ते खोटे नाही. पण त्याखाली एक व्यावहारिक कारण आहे. नौदलाचा चित्रपट काढायचा तर जहाजे लागतात, आणि जहाजे सरकारकडे असतात. अमेरिकेत नौदल आणि इंग्लंडात ॲडमिरल्टी यांनी निर्मात्यांना युद्धनौका, तोफा आणि खलाशीसुद्धा वापरावयास दिले. त्या बदल्यात पटकथा आधी वाचून पाहण्याचा हक्क ठेवला. ज्याची नाव त्याचीच कथा. १९५४ च्या 'द केन म्यूटिनी' या चित्रपटाला सहकार्य देताना नौदल बंड या शब्दालाच बिचकले होते. अखेर, अमेरिकी नौदलाच्या कोणत्याही जहाजावर कधीही बंड झालेले नाही, अशा आशयाची ग्वाही चित्रपटाच्या आरंभीच देण्यात आली. वाक्य अक्षरशः खरे असेल. पोर्ट शिकागोचे पन्नास बंडखोर ठरविले गेले ते जहाजावर नव्हे, किनाऱ्यावर! त्या चित्रपटात कप्तानाचे डोके फिरल्याचा पुरावा म्हणून स्ट्रॉबेरीच्या चोरीचे जे प्रसिद्ध प्रकरण आहे, त्यातील फळे अखेर मेसमधील पोऱ्यांनीच खाल्लेली असतात. सबंध खटला ज्या फळांभोवती फिरतो ती खाणाऱ्यांना मात्र त्या कथेत बाजू नाही.

आता संगणकाच्या साहाय्याने समुद्रही निर्माण करता येतो आणि तांडाही. 'ग्रेहाउंड'चे चित्रण बरेचसे लुइझियानात संग्रहालय म्हणून ठेवलेल्या 'किड' या जुन्या विनाशिकेवर झाले. सरकारची मिनतवारी कमी झाली, तेव्हा नौदलाची सबबही लंगडी झाली. यापुढे जे गाळले जाईल ते निर्मात्याने स्वखुशीने गाळलेले असेल.

प्रतिनिधित्वाचा नुसता आग्रह कसा फसवा ठरू शकतो याचे उत्तम उदाहरण २००० सालचा 'यू-५७१' आहे. जर्मन पाणबुडीवरून एनिग्मा हे गुप्तलेखनाचे यंत्र हस्तगत केल्याची ही कथा. चित्रपटातील अमेरिकन खलाशांत एक कृष्णवर्णीय स्टुअर्ड आहे, त्याला कामही बऱ्यापैकी आहे. तात्पर्य, विविधतेच्या परीक्षेत चित्रपट उत्तीर्ण. अडचण एवढीच की, मे १९४१ मध्ये यू-११० या पाणबुडीवर चढून ते यंत्र आणले 'बुलडॉग' या ब्रिटिश विनाशिकेच्या लोकांनी. अमेरिका तेव्हा युद्धातच नव्हती. इंग्लंडात संतापाची लाट उसळली. हा आपल्या खलाशांच्या स्मृतीचा अवमान आहे, या मताला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पार्लमेंटात दुजोरा दिला. आपल्या मृतांचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर लागले म्हणजे काय वाटते, हे त्या दिवशी ब्रिटिश पार्लमेंटला समजले. ही वेदना तिने नीट लक्षात ठेवली असती तर तिच्या स्वतःच्या चित्रपटांविषयी काही प्रश्न तिला पडले असते.

कारण ब्रिटिश जहाजांचा हजेरीपट उघडला की आपण थेट मुंबईच्या गोदीत आणि कोकणाच्या किनाऱ्यावर येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील दर चार खलाशांमागे सुमारे एक हिंदी होता. इंग्रज त्यांना लस्कर म्हणत. मुंबईतून भरती होणाऱ्यांत डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, सलूनमध्ये व मुदपाकखान्यात गोव्याचे ख्रिस्ती, इंजिनाच्या खोलीत पंजाबी व पठाण, अशी साधारण विभागणी असे. कलकत्त्याहून सिल्हेटचे लोक येत. धोबीतलावच्या परिसरातील गोवेकरांच्या कुडांतून, गावाच्या नावाने चालणाऱ्या त्या सामायिक बिऱ्हाडांतून, पुढच्या बोटीची वाट पाहत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. झोपण्याची जागाही कायद्यानेच कमी ठरविलेली. अशा माणसांनी अटलांटिकच्या थंडीत, टॉर्पेडोंच्या तोंडावर, इंग्लंडला अन्न आणि दारूगोळा पोहोचविला. सहा हजारांहून अधिक परत आले नाहीत.

या मृतांची नावे लंडनमधील टॉवर हिलच्या व्यापारी नाविकांच्या भव्य स्मारकावर शोधू नयेत. ती मुंबईत मशीद बंदरजवळच्या हिंदी खलाशांच्या गृहात आणि चितगावात, नोंदवह्यांत आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध करून पहिल्या महायुद्धातील आशियाई व आफ्रिकी मृतांच्या स्मरणात भेदभाव झाल्याचे मान्य केले आणि क्षमा मागितली. दगडावर जो भेद झाला तोच पडद्यावर झाला. 'द क्रूएल सी' हा १९५३ सालचा चित्रपट पाहावा, चांगलाच आहे. पण ज्या तांड्यांचे रक्षण करण्यात ती नौका आणि तिचे लोक झिजतात त्या तांड्यांतील जहाजांवर कोण होते, याची प्रेक्षकाला वार्ता नसते. सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' ही बोट बुडाली. सुरक्षिततेसाठी कॅनडास धाडलेल्या ९० इंग्रज मुलांपैकी ७७ दगावली. त्या बोटीची एक जीवननौका आठ दिवस समुद्रावर भरकटत राहून अखेर वाचली. तिच्यातील सहा मुले व त्यांना गोष्टी सांगून जगविणारी एक बाई यांची कथा इंग्लंडात घरोघर माहीत आहे, आणि ती माहीत असावी अशीच आहे. त्या नौकेत बसलेल्यांत बहुसंख्य हिंदी खलाशी होते, हे मात्र किती जणांस ठाऊक असेल?

२०१७ साली ख्रिस्तोफर नोलन यांचा 'डंकर्क' आला तेव्हा हाच प्रश्न वृत्तपत्रांतून उपस्थित झाला. १९४० साली फ्रान्समध्ये ब्रिटिश फौजेबरोबर हिंदी सैन्याच्या खेचरांच्या चार तुकड्या होत्या आणि त्यांतील काहींची सुटका डंकर्कच्या किनाऱ्यावरूनच झाली. चित्रपटात त्यांचा मागमूस नाही. तीन-चार लाखांच्या गर्दीत ते मूठभर होते, तेव्हा त्यांच्यावाचून कथा अडत नव्हती, असे नोलन यांच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते मी सर्वस्वी फेटाळणार नाही. गर्दीच्या दृश्यात एखादी पगडी दिसली असती तर इतिहासाचे ऋण फिटले असते असेही नाही.

एक उलटे उदाहरण देणे न्यायाचे होईल. १९५६ साली पॉवेल व प्रेसबर्गर यांनी 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' काढला. डिसेंबर १९३९ च्या त्या लढाईत जर्मन 'ग्राफ श्पे'शी झुंजलेल्या क्रूझरांपैकी 'अकिलीझ' चित्रणासाठी खरीखुरी मिळाली; कारण १९४८ साली ती भारताने विकत घेतली होती आणि आयएनएस 'दिल्ली' या नावाने ती आपल्या नौदलात होती. लढाईच्या वेळचे तिचे कप्तान पॅरी हे स्वतंत्र भारताच्या नौदलाचे काही काळ प्रमुखही होते. तेव्हा पडद्यावर दिसणारी बोट भारताची, ती चालविणारे भारतीय आणि कथेत मात्र ब्रिटिश व न्यूझीलंडचे खलाशी. येथे तक्रारीस जागा नाही. १९३९ साली त्या बोटीच्या हजेरीपटावर न्यूझीलंडचेच लोक मोठ्या संख्येने होते. हजेरीपट प्रमाण मानावयाचा तर तो आपल्या गैरसोयीचा असतानाही मानला पाहिजे. १९७८ साली 'दिल्ली' निवृत्त झाली तेव्हा तिचा एक तोफबुरूज न्यूझीलंडला भेट देण्यात आला, हेही शोभून दिसले.

तक्रारीस जागा आहे ती जे चित्रपट निघालेच नाहीत त्यांच्याविषयी. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात एच.एम.आय.एस. 'बेंगाल' या सुरुंग काढणाऱ्या चिमुकल्या नौकेने, 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाच्या साथीने, दोन जपानी लढाऊ बोटींना तोंड दिले. 'बेंगाल'च्या पुढच्या टोकाला एक लहान तोफ होती. समोर तिच्याहून दहापटींनी मोठ्या बोटी आणि जड तोफा. एक जपानी बोट बुडाली, दुसरी निघून गेली, 'बेंगाल' आणि 'ओंडिना' दोन्ही वाचल्या. कप्तान इंग्रज, खलाशी बहुतेक हिंदी, सोबतीला डच व चिनी. विविधतेच्या पुरस्कर्त्यांनी मागणी करावी आणि इतिहासाच्या कैवाऱ्यांनी तत्काळ मान्य करावी असे हे कथानक. परंतु इंग्रजांना त्यात नायक अपुरा वाटला असावा आणि आपल्याला सरकार परके वाटले. दोघांच्या मध्ये ते खलाशी राहून गेले.

त्यांच्याच पिढीने १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या केंद्रावर काम थांबविले. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांच्या वर्णद्वेषी शिव्या ही तात्कालिक कारणे. 'पोटेमकिन'ची आठवण न झाली तरच नवल. पाहता पाहता ७८ नौका, २० किनारी ठाणी आणि सुमारे २० हजार नौसैनिक त्यात आले. काँग्रेसचा, लीगचा आणि लाल बावटा एकत्र फडकले; समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला आणि दोनशेहून अधिक माणसे गोळ्यांना बळी पडली. वल्लभभाईंच्या सल्ल्यावरून २३ तारखेला शरणागती झाली. स्वातंत्र्यानंतरही त्या नाविकांना नौदलात परत घेतले गेले नाही. उत्पल दत्त यांनी १९६५ साली कलकत्त्यात यावर 'कल्लोळ' हे नाटक केले. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी नौदलाने आपल्या चित्ररथावर हा उठाव मांडला. पण ज्या शहरात तो घडला तेच शहर आपल्या चित्रपटसृष्टीची राजधानी असून लक्षात राहील असा एकही चित्रपट या सहा दिवसांवर तिने दिलेला नाही. लीगचा झेंडा दाखवावा की न दाखवावा, नेत्यांनी साथ दिली नाही हे म्हणावे की न म्हणावे, खानांना अध्यक्ष राहू द्यावे की नाही, असे एकेक प्रश्न डोळ्यांपुढे आणले की या मौनाचा उलगडा होतो. त्यापेक्षा २०१७ सालचा 'गाझी' सोपा. १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी त्यात आपल्या पाणबुडीने बुडविली. नौदलाच्या नोंदीप्रमाणे ते श्रेय 'राजपूत' या विनाशिकेचे. 'यू-५७१'ला हसण्याचा आपला हक्क तेवढ्यापुरता तरी कमी झाला.

मराठी पडद्याची तर समुद्राशी ओळखच बेताची. ऐतिहासिक चित्रपट म्हणजे गड, घोडा आणि दरबार, असे समीकरण होऊन बसल्यामुळे ज्या राजाने सिंधुदुर्ग बांधला आणि आरमार उभे केले, त्याच्या चित्रपटांत गलबते क्वचितच हलतात. या आरमारातील नौका ज्यांनी हाकारल्या ते कोळी, भंडारी, खारवी, गाबीत आणि दालदी होते. आरमाराच्या सरदारांत मायनाक भंडारी होता, दर्यासारंग होता आणि दौलतखान होता. समोर जंजिऱ्याचे सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले, समुद्रावर मराठ्यांना पुरून उरलेले. त्यांना आपण पडद्यावर आणले तर भुवया आणि आवाज यांच्या पलीकडे काही देणार आहोत काय? आरमारावर मोठा मराठी चित्रपट निघण्यास आता यंत्राची अडचण नाही आणि पैशाचीही फारशी राहिलेली नाही. दौलतखानाला त्यात हजेरीपटाप्रमाणे जागा द्यावयाचे निर्मात्याने ठरविले, तर त्याला कोणाकोणाच्या दारी परवानगीसाठी जावे लागेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.